सतरा नंबरचा ठिपका

१

वेल्डर सिलिंडर फुटून मेला, असं पेपरात आलं. आतल्या पानावर, चार ओळींत. पेपरवाल्यांचं काय जातं? सिलिंडर फुटला तर गॅरेजचं छप्पर उडतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. इथं छप्पर जागच्या जागी होतं, भिंतीवरचा आरसाही तडकला नव्हता, आणि जळालेल्या माणसाच्या मनगटांवर तारेचे वळ होते. ते वळ बाईंनी पाहिले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई म्हणजे पोलीस खात्यातल्या जुन्या अधिकारी. तोंडावर सगळे 'बाई' म्हणायचे, पाठीमागे 'ठिणगी'. दोन्ही नावं त्यांना माहीत होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं.

वेल्डर त्यांचा माणूस होता. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ट्रकांना तो चोरकप्पे बसवून द्यायचा. कप्प्यांतून काय जातं हे त्यानं कधी विचारलं नाही आणि कंपनीच्या मालकानं कधी सांगितलं नाही. मग एके दिवशी भर बाजारात स्फोट झाला, माणसं मेली, आणि टीव्हीवर दाखवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर वेल्डरला स्वतःचा जोड दिसला. आपल्या हातचं काम माणूस ओळखतोच. दुसऱ्या दिवशी तो बाईंसमोर येऊन बसला आणि म्हणाला, मालकाच्या आतलं सगळं मी सांगतो. बाईंनी त्याला शब्द दिला, तुझं नाव माझ्या डोक्यातून बाहेर जाणार नाही. त्यांनी ते कुठं लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही, घरी नवऱ्यालासुद्धा नाही. तरी ते फुटलं.

खात्याच्या उपप्रमुख साहेबांनी बाईंना बोलावलं. बसा म्हणालेसुद्धा नाहीत.

साहेबांकडे खात्याचं एक नाजूक काम होतं. शहराबाहेरच्या संशोधन संस्थेत टोळ्यांचं सिम्युलेशन चालायचं. कोण कुणाला फोन करतो, कोण कुणाला भेटतो, ही माहिती खात्यानं पुरवायची. संस्थेत माणसांना नावं नसायची, नुसते नंबर, आणि पडद्यावर नंबराचा एकेक ठिपका. मग कॉम्प्युटर एकेक ठिपका विझवून बघायचा. याला पकडलं तर टोळी मोडेल, की चार दिवसांत दुसरा त्याच्या जागेवर बसेल? हजारो फेऱ्या खेळून तो सांगायचा, आधी याला उचला. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त साहेबांच्या तिजोरीत.

मालकाच्या टोळीबद्दल कॉम्प्युटर म्हणाला होता, सतरा नंबर उचला. सतरा म्हणजे वेल्डर. बाई म्हणाल्या, नाही, आणि का ते विचारू नका. काही आठवड्यांनी कॉम्प्युटर म्हणाला, मग एकेचाळीस उचला. बाई पुन्हा म्हणाल्या, नाही.

"दोन नंबरांना तुम्ही हात लावू दिला नाहीत," साहेब म्हणाले. "त्यातला एक जळून मेला. मी काय दुधखुळा आहे? दुसरा तुमचा माणूस कोण, तेही मला तेव्हाच कळलं. माणसं तुमची, गुपित तुमचं. मग फुटलं कुठून?"

बाईंनी उलट विचारलं, की मग कळलेलं तुम्ही कुणाला सांगितलंत. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. शनिवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर चार्ज सोडा, एवढं बोलून त्यांनी फाईल मिटली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं पुटपुटत बाई जिना उतरल्या. अर्ध्या जिन्यात त्यांचे पाय थबकले. एकेचाळीस नंबर साहेबांना माहीत होता. एकेचाळीस म्हणजे वेल्डरची धाकटी बहीण, आणि ती अजून मालकाच्याच ऑफिसात फोनवर बसत होती.

२

बाईंचा मावसभाऊ दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्याच्या मागे एक खोली होती, तिथं मोडकी खुर्ची, बंद पडलेलं एक्स-रे मशीन आणि दातांच्या साच्यांनी भरलेलं कपाट. वेल्डरच्या बहिणीची दाढ केव्हाच बरी झाली होती, पण रूट कॅनल कागदोपत्री चालूच होतं. मावसभाऊ कुरकुरायचा, ताई, या एका दाढेपायी माझा धंदा बुडणार बघ.

बहीण आली, मोडक्या खुर्चीत बसली आणि रडली नाही. बाईंना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. भावाला मारलंय, नाव आतून फुटलंय, तुझंही कधी फुटेल सांगता येत नाही. मागच्या दाराशी गाडी आहे, आईला घ्यायला अँब्युलन्स पाठवते, आत्ता चल.

"कुठं ठेवणार?" बहिणीनं विचारलं.

बाई म्हणाल्या, खात्याची घरं आहेत.

"भावाचं नाव जिथून फुटलं, त्याच खात्याची ना? मग घराचा पत्ताही तिथूनच फुटेल. आज मरायचं ते पुढच्या आठवड्यात मरीन, आणि आईला सोबत घेऊन मरीन."

बाईंनी मागच्या दाराची कडी परत लावली.

मग बहिणीनं तिकडची हकिकत सांगितली. मालक स्वतः घरी आला होता. आईजवळ बसून डोळे पुसले, आणि निघताना बहिणीला म्हणाला, कामावर ये, मन रमेल. न जाणं म्हणजे आपल्या तोंडानं कबूल करणं, म्हणून ती जात होती. तिथं सगळे गोड बोलायचे, आणि ती पाणी प्यायला उठली की तिची पर्स उघडली जायची. संशय होता, खात्री नव्हती. खात्री असती तर मी इथं बसले नसते, असं ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली.

मालकाचं वागणंही विचित्र झालं होतं. भाऊ जाण्याच्या आधीपासून तो भाच्याचा लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये बसायचा आणि भाच्यानं उतरवून दिलेला कसला तरी गेम खेळायचा. तोच तो, पुन्हा पुन्हा, आणि आत कुणी यायचं नाही. आता नवीन हुकूम निघाला होता, की शनिवारी दुपारी झाडून सगळ्यांनी कंपनीच्या डेपोत हजर राहायचं, लांबच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांनीसुद्धा. कशाला, ते कुणालाच माहीत नव्हतं.

बाई हे अर्ध्या कानानं ऐकत होत्या. डोक्यात साहेब घुमत होते.

"शनिवारी सकाळी माझी दाढेची वेळ आहे," बहीण उठताना म्हणाली. "तोवर मला सांगा, माझ्या भावाला कुणी विकलं. सांगितलंत तर तुमच्याबरोबर येते. नाही सांगितलंत तर दुपारी डेपोत जाऊन बसते."

३

संशोधन संस्थेची इमारत काचेची होती. आतलं सगळं बाहेरून दिसेल अशी, आणि गुपितं सांभाळायचं काम तिथं चालायचं. बाईंना दारातच चीड आली.

प्राध्यापकांनी त्यांना खाली बसवून ठेवलं. समोरच्या भिंतीवर दरवाज्याएवढा टीव्ही होता, काळाठिक्कर. वॉचमन शेजारी उभा राहून मान चोळत होता. बाईंनी सहज विचारलं, बिघडलाय का. तो म्हणाला, कुठला बिघडतोय, चांगली फिल्म चालायची यावर दिवसभर. सरांच्या आवाजात. बघून बघून मान आखडली माझी, पण सोबत होती. मागच्या शुक्रवारी सकाळी सर धावत खाली आले आणि वायरच उपटली. बरं, सर म्हणजे लिफ्टचं बटणसुद्धा दुसऱ्याला दाबायला लावणारा माणूस.

वर प्राध्यापक गोड हसून भेटले. पांढरे केस, स्वच्छ नखं. बाईंनी थेट विचारलं, की सतरा आणि एकेचाळीस हे नंबर कुणाचे, हे इथं कुणाला कळलं होतं का. प्राध्यापकांनी कानांवर हात ठेवले. आमच्याकडे नावं येतच नाहीत. आम्हाला नावांशी कर्तव्य नाही. सतरा हा आमच्यासाठी फक्त सतरा.

मग त्यांनी आपणहून सांगितलं, की शुक्रवारी सकाळी साहेबांचा निरोप आला, सतरा कमी करा. कुणी मेला किंवा परागंदा झाला की असा निरोप येतो आणि इथं तो ठिपका पुसला जातो, ही कामाची नेहमीची पद्धत.

"कसा गेला, हे विचारलंत?"

"आम्ही विचारत नाही. ती आमची शिस्त आहे."

शिस्त! एक माणूस तारेनं बांधून जाळला जातो, आणि इथं कुणी रबरानं चूक खोडावी तसा एक ठिपका खोडून पुढच्या कामाला लागतो. बाईंना टेबलावरचा पेपरवेट उचलून काचेवर मारावासा वाटला. त्यांनी तो उचलला आणि परत ठेवला.

प्राध्यापकांना बहुतेक वाटलं की भेट छान चाललीय. त्यांनी ड्रॉवरमधून एक जाड, गुळगुळीत कार्ड काढलं. संस्थेचा मोठा कार्यक्रम होता. पाहुणे येणार, टोळी कशी मोडते याचं सिम्युलेशन मोठ्या पडद्यावर दाखवणार, आणि ज्यांना येता येणार नाही त्यांना घरबसल्या इंटरनेटवर थेट बघता येईल. तुम्ही अवश्य या, म्हणाले. आणि कार्ड बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी ते वाचलं. कार्यक्रम शनिवारी होता, दुपारी.

शनिवारी दुपारी झाडून सगळ्यांनी डेपोत हजर राहायचं. कशाला, ते कुणालाच माहीत नव्हतं.

४

सिम्युलेशन ज्या मुलीनं लिहिलं होतं, तिला संस्थेत सगळे 'गणितवाली' म्हणायचे. तिची खोली तळमजल्यावर, मशिनांच्या घरघरीत. तिला नको तिथं हसू यायची खोड होती. बाई पोलीस आहेत म्हटल्यावर ती हसली, आणि बाईंनी डोळे वटारल्यावर आणखी हसली, मग ओशाळून गप्प बसली.

बाईंनी सांगितलं, की शनिवारी जे दाखवणार आहात ते मला आत्ता दाखव.

पडद्यावर ठिपके आले. ट्रकवाल्यांचा एक पुंजका, गॅरेजवाल्यांचा दुसरा, मधे ऑफिस, वर एकटा मालक. त्यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. गणितवालीनं बटण दाबलं. कॉम्प्युटर ठिपके विझवू लागला, रेघा तुटू लागल्या, जाळं फाटत गेलं. फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या क्रमानं. ती वेग वाढवत गेली. ठिपके नुसते लुकलुकू लागले. प्रत्येक जण कधी ना कधी विझत होता. मालकसुद्धा.

एक ठिपका मात्र विझत नव्हता. ऑफिसच्या पुंजक्यातला. आजूबाजूला सगळे मरत होते आणि तो आपला शांतपणे उभा होता.

"हा का नाही विझत?" बाईंनी विचारलं.

गणितवाली म्हणाली, त्याला बंदी आहे. म्हणजे असं, की आम्ही याला पकडा म्हटलं आणि खात्याकडून नकार आला, तर कॉम्प्युटर पुढच्या वेळी पुन्हा तेच सांगतो, त्याला काय कळतंय. म्हणून नकार आला की मी त्या ठिपक्याला कुलूप लावते. मग तो त्याला सोडून बाकीच्यांशी खेळतो. सोपं आहे.

"हा एकेचाळीस?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?" ती हसली. मग तिनं बाईंचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. हुशार पोर होती. पोलीस कुणाला पकडायला नकार देतात आणि का, हा प्रश्न तिनं स्वतःला आज पहिल्यांदा विचारला. "अगं आई गं," ती म्हणाली.

बाईंनी तिला सावरायला वेळ दिला नाही. खाली टीव्हीवर चालायची ती फिल्म कुठली? ती जुनी, गणितवाली म्हणाली, पहिल्या कार्यक्रमाची. सरांनी तीच संस्थेच्या वेबसाईटवरही टाकली होती. तेव्हा एकेचाळीसचा नकार आला नव्हता. कुलूप एकालाच होतं. सतराला.

बाई खोलीत फेऱ्या मारू लागल्या. जाहीर फिल्ममध्ये नावं नव्हती, नुसते ठिपके. पण आपल्या घरातली खुर्ची कुठं आहे हे माणसाला अंधारातही कळतं. मालकाला स्वतःची टोळी ओळखायला नावं कशाला हवीत? ट्रकवाले इथं, गॅरेज तिथं, आणि दोघांच्या मधे एकच माणूस. पोलिसांच्या खेळात तो कधीच मरत नाही. का मरत नाही?

आता एकाच गोष्टीची खात्री हवी होती. बहिणीचा मोबाईल डेपोत कुणीही तपासत असेल. म्हणून बाईंनी मावसभावाला फोन लावला आणि काय विचारायचं ते शिकवलं. त्यानं डेपोच्या ऑफिसला फोन केला. फोनवर बहीणच बसलेली. शनिवारची वेळ पक्की केली आणि म्हणाला, औषधानं कुणाकुणाला डोळ्यांपुढे रंगीत ठिपके दिसतात, तुमच्या ऑफिसात कुणाला तसं काही होतं का?

पलीकडून मग बहीण शांतपणे म्हणाली, "हो डॉक्टर. आमच्या मालकांना दिसतात. दिवसभर. एकेक करून विझतात म्हणे."

५

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांना घेऊन प्राध्यापकांची खोली गाठली. गणितवाली आधीच येऊन भिंतीला टेकून उभी होती.

बाई बसल्या नाहीत. त्या साहेबांकडे वळल्या आणि म्हणाल्या, आधी तुमचं. माझा संशय तुमच्यावर होता, तोंडावर सांगते. पण तुम्हीच म्हणालात की दोन्ही माणसं तुम्हाला कळली होती. तुम्ही विकलं असतंत तर दोघंही गेली असती. या मुलीनं विकलं असतं तरी तेच, दोन्ही कुलपं हिच्याच हातची. ज्याला एक ठाऊक, त्याला दुसराही ठाऊक. मग अर्धंच कसं फुटलं? मालकाला सतरा नंबर कळला आणि एकेचाळीसवर नुसता संशय, तोही ती सतराची बहीण म्हणून. याचा अर्थ फुटलं ते माणसाच्या तोंडून नाही. फुटली ती जुनी गोष्ट, जिच्यात एकच कुलूप होतं.

त्यांनी फिल्मचं सांगितलं.

प्राध्यापकांनी घसा साफ केला. बाई, हे दुर्दैव आहे, पण आमच्या फिल्ममध्ये एकही नाव नव्हतं. असा अर्थ कुणी काढेल याची कल्पना कुणाला असणार? मला आत्ता, या क्षणी कळतंय.

"खोटं," बाई म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. साहेबांनी नंतर सांगितलं, की बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शुक्रवारी सकाळी तुम्हाला निरोप आला, सतरा कमी करा. बाकी काही नाही. कसा मेला, कोण होता, काही नाही. आणि तुम्ही धावत खाली जाऊन टीव्हीची वायर उपटलीत. वेबसाईटवरची फिल्मही त्याच सकाळी निघाली, ते या मुलीनं तपासलंय. का काढलीत? कुलूप लावलेला ठिपका मेला हे ऐकताच तुम्हाला सगळं कळलं. मला शोधायला चार दिवस लागले, तुम्हाला जिना उतरायला लागतो तेवढा वेळ. एवढं डोकं देवानं दिलंय तुम्हाला. त्या डोक्यानं तुम्ही काय केलंत? वायर उपटलीत आणि गप्प बसलात."

प्राध्यापक नखांकडे बघत होते. मग बारीक आवाजात म्हणाले, संस्थेचं नाव खराब झालं असतं.

"आणि शनिवार? शनिवारी एकेचाळीस सगळ्या जगासमोर न विझता उभा राहणार होता."

तो ठिपका मी आज-उद्या काढायला सांगणारच होतो, असं ते म्हणाले. भिंतीजवळून गणितवाली पहिल्यांदा बोलली. "मला सांगितलं नाहीत, सर. काल विचारलं तेव्हा म्हणालात, काही बदलू नको, कार्यक्रम तोंडावर आलाय." यावेळी तिला हसू आलं नाही.

बाईंनी साहेबांना विचारलं, कुठलं कलम लागतं याला. नावं उघड केली नाहीत, पैसे घेतले नाहीत, टोळीशी संबंध नाही. खात्यानं दिलेल्या परवानगीवर माझीच सही आहे, साहेब म्हणाले, आणि कलम मला तरी आठवत नाही. चौकशी लागेल, दोघांचीही. फार तर खुर्च्या जातील.

एक माणूस जिवंत जळाला आणि त्याचा गुन्हा कुठल्याच पुस्तकात नाही. बाईंना वाटलं, ही सगळी काचेची इमारत हातांनी मोडावी. पण वेळ नव्हता. त्यांनी सांगितलं, कार्यक्रम रद्द करायचा नाही. मालकानं त्यासाठी अख्खी टोळी एका छपराखाली बोलावली आहे, शेवटचा फितूर सगळ्यांसमोर दाखवायला. इतकी वर्षं आपण विचारत होतो, आधी कुणाला उचलू? आता सगळ्यांना एकदम उचला. गणितवालीनं सगळी कुलपं काढायची. प्राध्यापकांनी नेहमीसारखं हसून मंचावर उभं राहायचं.

"आणि त्याआधी, सकाळी," बाई म्हणाल्या, "लॅपटॉप घेऊन माझ्याबरोबर दातांच्या दवाखान्यात यायचं. ती जुनी फिल्म घेऊन."

६

शनिवारी दुपारी डेपोला वेढा पडला. एका बाजूला संस्थेच्या हॉलमध्ये पडद्यावर एकेक ठिपका विझत होता, दुसऱ्या बाजूला मालक, भाचा, ड्रायव्हर, गॅरेजवाले, सगळे लॅपटॉपभोवती घोळका करून बसलेले तसेच सापडले. एकही सुटला नाही. पेपरात पहिल्या पानावर आलं. सकाळी जे झालं ते मात्र कुठल्याच पेपरात आलं नाही.

बाईंनी बहिणीला आधीच विचारलं होतं. त्या माणसाला तुझा चेहरा दिसेल, चालेल का? नाहीतर मी नुसतं सांगते. बहीण म्हणाली होती, "दिसू दे. ठिपक्याला तोंड असतं हे कळू दे त्याला."

आई तोवर अँब्युलन्समधून सुरक्षित जागी पोचली होती. बहीण मोडक्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स, त्यात आईचा चष्मा आणि भावाचा वेल्डिंगचा काळा गॉगल. घरातून तेवढंच घेतलं होतं. प्राध्यापक दारात अवघडून उभे राहिले. मावसभावानं त्यांना स्टूल दिलं आणि बाहेर निघून गेला.

"कुणी विकलं?" बहिणीनं बाईंना विचारलं.

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "फुकट दिलं."

बहिणीला कळलं नाही. तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. कुलूप, फिल्म, भिंतीवरचा टीव्ही, उपटलेली वायर. बहीण ऐकत राहिली. प्राध्यापकांनी मधे दोनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा नावं नव्हती असं म्हणाले, आणि दुसऱ्यांदा नुसतं, माझं चुकलं. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बहीण म्हणाली, मला बघायचंय.

बाईंना वाटलं, नको. पण नको म्हणायचा हक्क त्यांना नव्हता. प्राध्यापकांनी कपाटातले दातांचे साचे सरकवून लॅपटॉप ठेवला. फिल्म सुरू झाली. प्राध्यापकांचाच आवाज, खणखणीत, खुशीत आलेला. पहा, या टोळीचं जाळं कसं उलगडतं ते पहा. ठिपके विझू लागले. बहिणीनं विचारलं, कुठला. बाईंनी बोट ठेवून दाखवलं.

बहीण त्या एकाच ठिपक्याकडे बघत राहिली. फेरी संपली, दुसरी सुरू झाली. शेजारचा विझला, वरचा विझला, मालक विझला. तो विझला नाही. फेऱ्यांचा वेग वाढला, सगळा पडदा लुकलुकू लागला, आणि तो तसाच. तिनं पदर दाताखाली धरला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती पापणी लववत नव्हती, जणू पापणी लवली तर तो तेवढ्यात विझेल.

फिल्मच्या शेवटी टाळ्या होत्या. हॉलमधले लोक टाळ्या वाजवत होते, बराच वेळ.

बहिणीनं तोंड पुसलं आणि प्राध्यापकांकडे वळली.

"किती वेळा खेळलात?"

त्यांनी मान खाली घालून सांगितलं, हजारो वेळा.

"हजारो वेळा खेळलात, आणि माझा भाऊ एकदाही मेला नाही," ती म्हणाली. "एकदाच खरं झालं."

लॅपटॉपमधल्या टाळ्या अजून चालूच होत्या. त्या बंद करायला प्राध्यापकांचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. बहीण उठली, पर्सची चेन लावली, आणि बाईंना म्हणाली, चला, आई वाट बघत असेल.